तीन किलोंची तूट

१

जॉकी जोडी पार्सन्स शुद्धीवर येत होती आणि डॉ. देवयानी केळकर ओल्या गवतात गुडघे टेकून तिची मान दोन्ही हातांत धरून बसली होती. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या रिकार्टन रेसकोर्सचं हे पलीकडचं टोक. २००५ सालचा ऑगस्ट. धुकं असं उतरलं होतं की दहा पावलांवरचं झुडपांचं कुंपणही नुसत्या सावलीसारखं दिसत होतं. तेच कुंपण ओलांडताना जोडीचा घोडा ब्रॅकन कोसळला होता. पशुवैद्याने मागे हिरवा पडदा उभा केला होता. तो पडदा लागला की घोडा परत उठत नाही, हे देवयानीला आठ वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

रुग्णवाहिकेतला रेडिओ खरखरला. ड्रायव्हर म्हणाला, "मो जिंकला!"

देवयानीच्या चेहऱ्यावर हसू आलं. हातात मोडलेल्या बाईची मान आणि ओठांवर हसू. तिची तिलाच लाज वाटली.

मो म्हणजे मोरेश्वर शेलार. त्याचे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा करण्यात त्यांचा जन्म गेला. मोरेश्वर बाविसाव्या वर्षी इथे आला, तीन वर्षं तबेले झाडले, आणि मग एके दिवशी कुणी बसायला धजत नव्हतं त्या घोड्यावर बसला. पाच-पाच किलोमीटरच्या, कुंपणं आणि पाण्याच्या चरांवरून उड्या मारत धावायच्या शर्यती. त्यांत तो चार वेळा साऱ्या न्यूझीलंडचा विजेता झाला. दोनदा गळ्याचं हाड, एकदा मनगट, बरगड्या किती ते त्यालाही आठवत नसे. ख्राइस्टचर्चच्या मराठी मंडळींना त्याचा कोण अभिमान. यंदा गणपतीला तोच पाहुणा होता, आणि हे आमंत्रण देवयानीनेच दिलं होतं.

पाच मिनिटांनी रेडिओ पुन्हा खरखरला. ड्रायव्हरचा चेहरा पडला.

"डॉक, मोचं वजन कमी भरलं. तीन किलो. घोडा बाद केला."

देवयानीला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. शर्यतीत प्रत्येक घोड्यावर किती वजन असावं हे ठरलेलं असतं. जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहतो, आधी एकदा आणि नंतर एकदा. हलका जॉकी खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या भरून वजन पुरं करतो. नंतरचं वजन कमी भरलं तर त्याचा एकच अर्थ लोक काढतात. लबाडी.

जोडीने डोळे उघडले आणि विचारलं, "ब्रॅकन कुठाय?"

२

सोमवारी दुपारी मोरेश्वरची बायको सुलभा दवाखान्यात आली. पेशंटच्या खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

"देवयानीताई, ते बोलतच नाहीत. 'माझ्याकडून झालं' एवढंच म्हणतात. शुक्रवारी चौकशी समितीपुढे उभं राहायचंय. मी डेअरीत दूध आणायला गेले तर त्या माणसाने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुम्ही रेसकोर्सच्या माणसांतल्या आहात, सगळे ओळखतात तुम्हाला. कुणी केलं हे, तेवढं शोधा."

"अगं, मी डॉक्टर आहे. पोलीस नाही."

"म्हणूनच. पोलिसाला लोक सांगतील का काही?"

देवयानीला नाही म्हणता आलं नाही, त्याला कारण होतं. आदल्याच दिवशी मराठी मंडळाच्या मंदाताईंचा फोन आला होता, "आता पाहुणा बदलायला हवा, नाही का?" आणि देवयानी म्हणाली होती, "हो ना. माणसाच्या पोटात काय असतं, आपल्याला काय माहीत!" आठ वर्षं ती या माणसाची हाडं जोडत आली होती. आणि ते वाक्य तिच्या तोंडून किती सहज निघालं होतं.

ती संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. मोरेश्वर टेबलाशी बसला होता, दाढी वाढलेली. सुलभाने चहा आणून त्याच्या डाव्या हाताशी ठेवला. तो वळला आणि कोपराच्या धक्क्याने कप आडवा झाला.

"मोरेश्वर, पट्ट्या कुणी काढल्या?"

"माझ्याकडून झालं, डॉक्टर. लिहून टाका तसं."

"झालं म्हणजे काय? शर्यतीआधी काट्यावर वजन पुरं होतं. मग तीन किलो शिसं काय विरघळलं?"

पोरीने, बारा वर्षांच्या श्रियाने, फडक्याने चहा पुसला. पुसताना ती बापाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली आणि मगच टेबलावर वाकली. देवयानीने सहज विचारलं, "इकडून का गं?"

"आय ऑल्वेज गो दिस साइड," श्रिया म्हणाली. "अदरवाइज ही बम्प्स इन्टू मी."

"श्रिया, आत जा," मोरेश्वर एकदम ओरडला. पोर दचकली. सुलभाही. त्या घरात आवाज चढलेला देवयानीने कधी ऐकला नव्हता.

ती गाडीत बसली तेव्हा तो मागून आला, खिडकीशी वाकला.

"जोडी चालू शकेल ना, डॉक्टर?"

स्वतःची कारकीर्द मातीत चालली असताना या माणसाने तिला तेवढा एकच प्रश्न विचारला.

३

शिसं काढू शकतील अशी माणसं तीन. खोगीर चढवणारा ट्रेनर ग्रॅहम टेट, घोड्याची देखभाल करणारी तुई, आणि दुसरा आलेला जॉकी ब्रेंट मॅकाय. मोचा घोडा बाद झाल्यावर पहिला नंबर ब्रेंटच्या घोड्याला मिळाला होता.

ग्रॅहमने तबेल्याच्या दारातच तिला थांबवलं. "मो आणि माझं भांडण झालं होतं, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. हो, झालं. गेलं वर्षभर तो घोडा कुंपणाला वाकडा नेतो, आतल्या बाजूला ओढतो. मी म्हटलं, तुझं वय झालं. पण माझाच घोडा मी कशाला बाद करून घेऊ? एवढी मोठी शर्यत मला जन्मात पुन्हा मिळायची नाही."

हे खरं होतं. ग्रॅहमचं सगळं नुकसानच झालं होतं.

तुई आत घोड्याचे पाय धूत होती. "किआ ओरा, डॉक," तिने माओरीत नमस्कार केला. मोबद्दल विचारल्यावर तिने बादली खाली ठेवली.

"खोगीर चढवताना मी दोन्ही बाजूचे खिसे चाचपले होते. तीन पट्ट्या इकडे, तीन तिकडे. एकेक किलोची एकेक. वजन करताना डावा खिसा रिकामा निघाला."

"म्हणजे शर्यतीत पडल्या असतील?"

"खिशाची झाकणं घट्ट लागलेली होती. आणि एक सांग, एका बाजूला तीन किलो जास्त घेऊन घोडा एवढ्या उड्या मारेल तर खोगीर कुठे जाईल?"

"उजवीकडे घसरेल."

"मी त्याला घ्यायला गेले तेव्हा खोगीर बरोबर मधोमध होतं."

देवयानी थबकली. "घ्यायला गेलीस म्हणजे? कुठे?"

"विजयाच्या खांबापलीकडे, वळणावर. मो खाली उतरला होता. म्हणाला, घोडा लंगडतोय. मी पाय बघितला, काही नव्हतं. मीच त्याला परत वर चढवलं." तुईने ओठ चावला. "समितीने मला हे विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तो मला बहिणीसारखं वागवतो, डॉक."

दोघी तशाच रेसकोर्सवर गेल्या. वळणाच्या कडेला पाणी वाहून जायचा चर होता, त्यात गुडघाभर गवत. तुईने फाटक्या हातमोज्याने गवत बाजूला केलं. काळ्या चिखलात तीन पट्ट्या होत्या, नीट एकीवर एक ठेवल्यासारख्या.

शर्यत संपल्यावर, धुक्याच्या आड, जिंकलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने आपली जीत चरात टाकली होती.

४

चोर सापडला, पण चोरी कशासाठी? देवयानीला त्याची संगती लागेना. पैज लावणाऱ्यांनी धमकावलं असेल, तर मुळात जिंकायचंच नाही. घोडा आवरून धरणं त्याला काय अवघड होतं? तो जीव तोडून जिंकला, आणि जिंकल्यावर एका मिनिटात त्याला ती जीत नकोशी झाली. म्हणजे त्या मिनिटात त्याला काहीतरी कळलं होतं. त्याच्याजवळ तेव्हा कोण होतं? फक्त दुसरा आलेला.

ब्रेंट इमारती लाकडाच्या वखारीत काम करायचा. देवयानीला बघून त्याने करवत बंद केली आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

"मला वाटलंच होतं कुणीतरी येईल," तो म्हणाला. "खांब ओलांडल्यावर आम्ही घोडे सावकाश घेतले. मी म्हटलं, मागे कुणीतरी पडलं. मोने विचारलं, कोण? मी म्हटलं, जोडी. तो म्हणाला, 'जोडी कुठे होती?' मी म्हटलं, अरे, तुझ्या आतल्या बाजूला! तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून! तो पांढरा पडला. मग घोडा वळणाकडे घेऊन गेला."

"आणि पडण्याआधी?"

ब्रेंट जमिनीकडे बघत राहिला. "जोडी ओरडली होती. 'मो, मी आत आहे!' दोनदा. मी मागे होतो, धुक्यात दिसलं काही नाही, पण ऐकलं. त्याने ऐकून मान वळवली असणार, पण घोडा आतच येत राहिला. मग तो आवाज झाला."

"हे समितीला का नाही सांगितलंस?"

"शर्यत मला मिळालीय, डॉक. मी तोंड उघडलं असतं तर लोक म्हणाले असते, जिंकलेल्याला लाथ मारतोय." त्याचे कान लाल झाले होते. "आणि ती बिचारी त्या समितीच्या प्राथमिक अहवालात दोषी ठरली. 'घोडा कुंपणावर घाईने घातला.' वाचलं मी ते. वाचून घडी करून ठेवलं."

दोनदा ओरडूनही त्याला समजलं नाही. ऐकू येत नसेल? छे. त्या संध्याकाळी श्रिया हळूच बोलली तेही त्याने लगेच ऐकलं होतं. मग आडवा झालेला कप, वळसा घालून येणारी पोर, वर्षभर आत ओढला जाणारा घोडा... आणि रिकार्टनला शर्यत डावीकडे वळत फिरते. आतली बाजू म्हणजे डावी.

मग पुढचा विचार उधळलेल्या घोड्यासारखा देवयानीच्या अंगावर आला: दर एप्रिलला त्या माणसाचे डोळे तपासतं कोण?

५

फाइल तिच्याच दवाखान्यात, तिच्याच कपाटात होती. एप्रिल २००५. 'उजवा डोळा ६/६. डावा डोळा ६/६.' खाली तिची लफ्फेदार सही.

तिला ती दुपार आठवली. बाहेर तापाच्या पेशंटांची रांग. मोरेश्वर तक्त्यासमोर उभा राहिला, त्याने डावा डोळा तळहाताने झाकला आणि शेवटची ओळ घडाघडा वाचली. मग उजव्यावर हात नेला आणि तीच ओळ तशीच एका दमात म्हटली. बोटं फाकलेली होती की मिटलेली? तिने पाहिलंच नव्हतं. ती मान खाली घालून आकडे लिहीत होती, त्याचं वाचून संपायच्या आधीच, आणि तोंडाने विचारत होती, "मग गणपतीला पाहुणे म्हणून येताय ना?"

हॉस्पिटलमध्ये जोडीच्या कमरेभोवती पोलादी चौकट बसवली होती. नर्सने सांगितलं, "रोज एका माणसाचा फोन येतो, कशी आहे विचारायला. नाव सांगत नाही. बोलतो मात्र तुमच्यासारखं."

जोडीला पडल्याचं काहीच आठवत नव्हतं.

"मीच मारलं त्याला," ती छताकडे बघत म्हणाली. "ब्रॅकन कधी चुकायचा नाही. मीच घाई केली असणार. सगळे तेच म्हणतात. फेअरली गावच्या म्हाताऱ्या कॉलिनने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं, माहितीये? मला त्याला फोन करायचं धाडस होत नाही."

देवयानी तिच्या शेजारी बसून होती. 'तुझी चूक नव्हती' हे तीन शब्द तिच्या जिभेवर होते. पण ते उच्चारले की पुढचा प्रश्न येणार, मग कुणाची? ती काही न बोलता उठली. जिन्यात उभी राहून तिने कपाळ भिंतीला टेकलं. मोरेश्वर गप्प का होता, ते तिला आता कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

६

गुरुवारी सकाळी तो मागच्या अंगणात जुनं खोगीर पुसत बसला होता. देवयानी त्याच्या डाव्या बाजूने गवतावरून आली, दोन हातांवर थांबली आणि तिने हात उंच केला. तो पुसतच राहिला.

"मोरेश्वर."

तो दचकून वळला. तिचा हात अजून वरच होता. त्याने हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि फडकं खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या जूनपासून. पडलो होतो, डोकं आपटलं. दोन दिवसांनी डाव्या डोळ्यावर कडेकडून काळा पडदा यायला लागला."

"तेव्हाच आला असतात तर डोळा वाचला असता."

"आणि घोडा गेला असता." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "माझा बाप चाळीस वर्षं दुसऱ्यांना घोड्यावर चढवत राहिला, डॉक्टर. आमच्यात वर बसलेला मी पहिला. खाली उतरलो की मी कोण?"

"पट्ट्या तुम्हीच टाकल्यात."

"ओरडणं कानावर आलं होतं, पण टापांच्या आवाजात ते मागून कुठूनतरी वाटलं. ब्रेंटने सांगितलं तेव्हा कळलं, मी कुणाला चिरडलं ते. लोक टाळ्या वाजवत होते. तो कप हातात घेणं मला शक्य नव्हतं. आणि खरं सांगायची छाती नव्हती. वाटलं, लबाड ठरलो तर ठरलो, जीत तरी अंगाला लागणार नाही. आंधळा असून घोड्यावर बसला, एका बाईला मोडली, यापेक्षा चोर म्हणवून घेणं सोपं वाटलं."

"तुम्हाला सोपं वाटलं. जोडीला?" देवयानीचा आवाज तिला वाटलं होतं त्यापेक्षा कठोर निघाला. "समितीने दोष तिच्यावर ठेवलाय. ती म्हणते, ब्रॅकनला तिने मारलं. तुम्ही कप सोडलात, पण तिचं ओझं तिच्याच छातीवर राहिलं."

हे त्याला माहीत नव्हतं. घरात वर्तमानपत्र येणं त्याने बंद केलं होतं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो लहान पोरासारखा रडला. दारात सुलभा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती जवळ आली नाही.

डोळे पुसून तो म्हणाला, "उद्या सांगतो सगळं. तुमचं नाव नाही घेणार. मी फसवलं तुम्हाला, तुमचा काय दोष?"

आणि देवयानीला हायसं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. फाइल कपाटात आहे, कुणी मागणार नाही, आठ वर्षांची अब्रू जागच्या जागी राहील. त्या हायसं वाटण्याची तिला जेवढी किळस आली तेवढी आयुष्यात कशाची आली नव्हती.

"तुम्ही हाताने डोळा झाकलात," ती म्हणाली. "पण बघायचं काम माझं होतं. उद्या फाइल घेऊन मी येतेय."

७

शुक्रवारी समितीपुढे मोरेश्वर उभा राहिला आणि आधी जोडीचं नाव घेतलं. तिची चूक नव्हती, घोड्याची नव्हती. मी एका डोळ्याने आंधळा आहे, मी आत आलो. त्याच्यामागून तुई बोलली, ब्रेंट बोलला. देवयानीने फाइल टेबलावर ठेवली आणि ती दुपार जशी घडली तशी सांगितली. ती सांगत असताना अध्यक्षांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे बघायचं टाळलं, हे तिला फार लागलं.

मोरेश्वरचा परवाना कायमचा रद्द झाला. जॉकींच्या तपासणीचं काम देवयानीकडून काढून घेतलं गेलं आणि तिच्यावर वेगळी चौकशी बसली. मंदाताईंनी फोन केला नाही. जोडीवरचा ठपका पुसला गेला. मोरेश्वर तिला भेटायला गेला तेव्हा तिने त्याला बसायला सांगितलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला सांगितलंस. आता कॉलिनला जाऊन सांग. फोनवर नाही."

मोरेश्वरने गाडी चालवणंही सोडलं होतं, म्हणून देवयानीने नेलं. फेअरली तिथून अडीच तास. कॉलिनचं घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. म्हातारा पायरीवर आला, जाळीचं दार पाठीने अडवून उभा राहिला. मोरेश्वरने टोपी काढली आणि आपल्या तोडक्या, तबेल्यात शिकलेल्या इंग्रजीत सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "लगेच गेला का तो?"

"मला माहीत नाही," मोरेश्वर म्हणाला. "मी मागे वळून पाहिलं नाही."

म्हाताऱ्याचे डोळे देवयानीकडे गेले. हो म्हणणं सोपं होतं. या वयाच्या माणसाला कुणीही हो म्हटलं असतं.

"मी होते तिथे," ती म्हणाली. "लगेच नाही गेला. दोन मिनिटं लागली. उठायचा प्रयत्न करत होता. मग पशुवैद्य आला. त्यानंतर मात्र त्रास झाला नाही."

म्हाताऱ्याने मान हलवली. दोन-तीनदा हलवली. मग आत गेला. दार त्याने उघडंच टाकलं होतं, पण त्याचा अर्थ 'आत या' असा की 'चालते व्हा' असा, हे दोघांनाही कळेना. आतून नळाचा आवाज आला आणि किटली चुलीवर ठेवल्याचा. तोवर ती दोघं पायरीवर तशीच उभी होती, एकमेकांकडे न बघता.